आधी पत्रा, मग इंजिन
घाट चढताना पाणी आटून जुन्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन जाम झालं की मालक विचारतो, ‘नव्या इंजिनाला किती पडतील?’ मालवणचा मेस्त्री मात्र गाडीखाली शिरतो, स्क्रूड्रायव्हरनं तळ टोचून बघतो नि म्हणतो, ‘इंजिन मेळात ओ, पण पत्रो खंयसून हाडतल्यात?’ खरंच आहे. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही. सगळा भार बॉडीच पेलते आणि किनाऱ्यावरची खारी हवा नेमकी तीच पोखरते. तिचं १०८९ सीसीचं इंजिन साधं. बोअर करून मोठे पिस्टन घाला, क्रँक घासून घ्या, पुन्हा चालू लागेल. शिवाय नंबर तोच राहील. ब्लॉकच फुटला असेल तर दुसरं इंजिन शोधा आणि नवा नंबर आरसीवर चढवायला ओरोसचं आरटीओ गाठा. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली. सुटे भाग आता दुर्मीळच होत जाणार. म्हणून माझा हिशेब सरळ आहे: तळ आणि जॅक लावायच्या जागा ठणठणीत असतील, तर गाडीच्या बाजारभावाकडे न बघता खर्च करा, हौसेला मोल नसतं. पत्र्याचा भुगा झाला असेल, तर नवं इंजिन म्हणजे वाळवी लागलेल्या वाशांवर नवी कौलं. अशा वेळी गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर, काचा काढून दुसऱ्या पद्मिनीवाल्याला द्या. त्याची गाडी तरी धावेल.