स्क्रीनवर टाकी फुल्ल, नळाला थेंब नाही

गेल्या आठवड्यात आमच्या वॉर्डात सलग दोन दिवस पाणी आलं नाही. पाणी सोडणाऱ्या काकांना फोन केला. म्हणाले, "भाऊ, मोबाईलवर तर टाकी फुल्ल दाखवतंय!" शेवटी दोघं वर चढलो, झाकण उघडलं, तर तळाला वीतभर पाणी. सेन्सर अडकला होता. तो 'फुल्ल' सांगत राहिला, म्हणून पंप सुरूच झाला नाही.

आता सगळे काकांना शिव्या देतायत. मला ते पटत नाही. पूर्वी काका रोज शिडी चढायचे. ऑटोमॅटिक बसल्यावर त्यांना सांगितलं गेलं, आता चढायची गरज नाही. वर आणखी दोन टाक्या त्यांच्याच गळ्यात मारल्या.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. जून १९९५ मध्ये 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला निघालं. निघाल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची वायर निघाली. यंत्र अंदाजाने जागा दाखवू लागलं. तशी खूण स्क्रीनवर होती, पण बारीक अक्षरात. जवळपास ३४ तास कुणाच्या लक्षात आलं नाही. ताडून बघायला दुसरं यंत्र जहाजावरच होतं, पण दोन्ही आकडे कुणी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. जहाज १७ मैल भरकटून नॅन्टकेट बेटाजवळ वाळूत रुतलं. जहाजावर दीड हजार माणसं होती. नशिबाने सगळी वाचली.

ते खलाशी काही अडाणी नव्हते. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्येच दाखवून दिलं होतं की नुसतं टक लावून बघत बसायचं काम दिलं, तर अर्ध्या तासातच माणसाच्या नजरेतून चुका निसटायला लागतात. 'लक्ष ठेवा' एवढं सांगून लक्ष राहत नाही. त्यासाठी हाताला काम द्यावं लागतं.

मी ऑटोमॅटिकच्या विरोधात नाही. काकांचे गुडघे दुखतात, मला माहितीये. मागण्या तीनच आहेत. एक, दिवसातून एकदा माणसाने टाकी डोळ्यांनी बघावी आणि वेळ टाकून वहीत सही करावी. दोन, महिन्यातून एकदा मुद्दाम सेन्सर बंद करून अलार्म वाजतो का ते तपासावं. तीन, मशीन आलं म्हणून रात्रपाळीचा माणूस कमी करू नये. सध्या तीच चर्चा सुरू आहे, म्हणून आजच लिहितोय.

यंत्र बंद पडलं तर लगेच कळतं. चालू राहून खोटं बोललं, तर ते पकडायला माणूसच लागतो. तोच कमी केला, तर उद्या कुणाला फोन करायचा?

तुमच्या भागातल्या टाकीचं झाकण शेवटचं कधी उघडलं होतं, एवढं आपापल्या नगरसेवकाला विचारा.