रक्षक दूर झाला असतां

मनुष्याच्या शरीरांत कांहीं शत्रु असे असतात, कीं ते जन्मभर त्याच्याच घरीं राहतात आणि त्यास त्यांची वार्ताहि नसते. जे. सी. विषाणु हा त्यांपैकीं एक होय. जगांतील निम्म्याहून अधिक प्रौढ माणसांस त्याचा संसर्ग बहुधा लहानपणींच होऊन गेलेला असतो. तो मूत्रपिंडादि ठिकाणीं निजून राहतो, आणि शरीराची प्रतिकारशक्ति जागी आहे तोंपर्यंत निजलेलाच राहतो. परंतु ती शक्ति रोगानें अथवा औषधानें क्षीण झाली, म्हणजे क्वचित् प्रसंगीं हा विषाणु मेंदूंत जागा होऊन, ज्ञानतंतूंवरील श्वेत आवरण निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करूं लागतो. या विकारास संक्षेपानें पी. एम. एल. असें म्हणतात. त्याचें वर्णन १९५८ सालीं झालें, व त्याचा विषाणु १९७१ सालीं एका रुग्णाच्या मेंदूंतून वेगळा करण्यांत आला. त्या रुग्णाच्या नांवाचीं आद्याक्षरेंच विषाणूस मिळालीं.

असला दुर्मिळ विकार कुटुंबाच्या मासिकांत कशास, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें, कीं ज्या औषधांमुळें तो उद्भवूं शकतो तीं औषधें आतां आपल्या घरांत येऊं लागलीं आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगांत शरीराचे रक्षक आपल्याच मेंदूच्या व मज्जारज्जूच्या आवरणावर उलटतात. तो बहुधा वीस ते चाळीस या वयांत सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो. हा थंड देशांतला रोग, अशी पुष्कळ वर्षें समजूत होती. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनीं १९९० सालीं सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानें पारशी समाजांत तो बराच आहे असें दाखविलें, आणि एम. आर. आय. यंत्रें सर्वत्र आल्यावर इतर समाजांतहि तो पूर्वीं वाटे त्याहून अधिक आढळूं लागला. मुंबईंत या रुग्णांसाठीं १९८५ सालीं संस्था निघाली, व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत या रोगाची गणना झाली.

या रोगावरील नॅटालिझुमॅब नांवाचें औषध रक्तांतील रक्षकपेशींस मेंदूच्या वेशीवरच अडवितें. त्यामुळें उलटलेल्यांचा हल्ला थांबतो हें खरें. पण त्याच वेशींतून आंत जाणारा पहाराहि थांबतो. अमेरिकेंत त्यास नोव्हेंबर २००४ मध्यें परवानगी मिळाली; पी. एम. एल.चे रुग्ण आढळतांच फेब्रुवारी २००५ मध्यें तें मागें घेण्यांत आलें, आणि जून २००६ मध्यें कडक देखरेखीच्या अटीवर परत आलें. धोका कोणास अधिक, हें आतां बरेंच कळलें आहे. रक्तांत जे. सी. विषाणूचीं प्रतिद्रव्यें असणें, औषध दोन वर्षांहून अधिक काळ चालणें, आणि पूर्वीं प्रतिकारशक्ति दाबणारें दुसरें औषध घेतलेलें असणें, हीं तीन कारणें होत. प्रतिद्रव्यें नसतील तर धोका दहा हजारांत एकाच्या आसपास किंवा त्याहूनहि कमी. तिन्ही कारणें एकत्र आलीं तर तो शेंकड्यांत एकापर्यंत जाऊं शकतो. फिंगोलिमॉड व रिटुक्सिमॅब या औषधांनींहि हा विकार झाल्याचीं उदाहरणें आहेत, पण तीं फार थोडीं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मध्यंतरीं विचारलें, "गुरुजी, सुनेचें औषध आम्हीं बंद करावें काय?" येथें वेदान्तांतला रज्जुसर्पाचा दृष्टान्त उपयोगीं पडतो. दोरीस साप समजून घाबरणें हा एक भ्रम. भीतीनें औषध एकाएकीं सोडलें, तर दाबून ठेवलेला मूळ रोग उसळून उठतो, आणि एखाद्या झटक्यांत कायमचें पंगुत्व येऊं शकतें. म्हणून औषध बदलावयाचें तें तज्ज्ञाच्या सल्ल्यानें व योजनापूर्वकच.

परंतु सापास दोरी समजणें हा त्याहून घातक भ्रम होय. रोगाचा नेहमींचा झटका बहुधा थोड्या दिवसांत वाढतो आणि मग ओसरूं लागतो. पी. एम. एल.चीं लक्षणें आठवड्यागणिक वाढतच जातात: एका अंगाची शक्ति कमी होणें, बोलणें अडखळणें, दृष्टीचा एक भाग नाहींसा होणें, तोल जाणें, आणि स्वभावांत विलक्षण फरक पडणें. हें शेवटचें लक्षण डॉक्टरांच्या आधीं घरच्यांस दिसतें. नीटनेटकी सून हिशेब चुकूं लागली, बोलण्याचा धागा सोडूं लागली, तर "आळस करते" असें म्हणण्यापूर्वीं एम. आर. आय. करवावा. पाठीच्या कण्यांतील द्रव तपासून विषाणूचा शोध घेतां येतो.

या विषाणूवर खात्रीचें औषध अद्याप नाहीं. रक्षकांस परत बोलावणें हाच उपाय. ज्यांची प्रतिकारशक्ति एच. आय. व्ही.नें गेली, त्यांच्या बाबतींत हेंच दिसून आलें. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यानें त्या रोगाचा मोठा भार सोसला आहे. सरकारनें १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य औषधें देण्यास आरंभ केला. अशा औषधांनीं प्रतिकारशक्ति सांवरली, म्हणजे पी. एम. एल. झालेले कित्येक रुग्णहि जगतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंतील संशोधकांनीं २००३ सालीं हिंदुस्थानांत हा विकार तुलनेनें कमी आढळतो असें नमूद केलें. पण कमी म्हणजे नाहींच असें नव्हे.

सर्वांत मोठा अडथळा आपल्या एकत्र कुटुंबांतच आहे, आणि तो म्हणजे झांकपाक. धाकट्या नणंदेचें लग्न व्हावयाचें आहे, म्हणून सुनेच्या रोगाचें नांव बाहेर काढूं नये असा घरांत दंडक पडतो. तज्ज्ञ पुण्यास, फलटणांत ताप आला, हात लुळा वाटला, तर जवळच्या डॉक्टरांकडे जावें लागतें, आणि त्यांस औषधाचें नांवच सांगितलें जात नाहीं! मग ते बिचारे निदान तरी कशाच्या आधारें करणार? यास्तव औषधाचें नांव, आरंभाची तारीख, पूर्वींचीं औषधें व प्रतिद्रव्यांच्या तपासणीचा निकाल एका कागदावर लिहून तो रुग्णापाशीं ठेवावा, आणि त्याची एक प्रत घरांतील कर्त्या माणसाजवळ असावी. कोणतीहि लस अथवा स्टेरॉइड घेण्यापूर्वीं तो कागद डॉक्टरांपुढें ठेवावा. लग्न जुळावयाचें तें जुळेल. परंतु लपविलेल्या कागदापायीं गेलेली वाचा व दृष्टि पुष्कळदां परत येत नाहीं.