सहा आठवडे तिच्या हक्काचे

दिवस राहिलेल्या बाईचा गर्भ पडला की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘काय जड उचललं होतंस?’ कुणी पपईचं नाव काढतं, कुणी स्कूटरचं. कळून आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी दहा ते वीस अशा संपतात आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या निम्म्या गर्भपातांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. आईची त्यात काहीही चूक नसते. हे तिला डॉक्टरांनी स्वतःहून, सासूसमोर आणि नवऱ्यासमोर सांगायला हवं.

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा दिली; २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण मागायची तर साहेबाला कारण सांगावं लागतं, म्हणून अनेकजणी ‘ताप होता’ म्हणून दोन दिवसांत कामावर येतात. उसाच्या फडात तर हा हक्क पोचतच नाही. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल, खाडा झाला की दंड. तिथे विश्रांती कुणी घ्यायची?

नवऱ्याचंही मूल गेलेलं असतं. न्यूझीलंडने २०२१ मध्ये दोघांनाही तीन दिवसांची भरपगारी शोकरजा दिली. आपल्या संहितेत वडिलांसाठी अशी तरतूद व्हावी, आणि साखर कारखान्यांनी येत्या हंगामाच्या तोडणी करारातच लिहावं: गर्भपात झालेल्या मजूर बाईला सहा आठवडे खाडा नाही, मजुरी चालू.