चिनीचा वरचा वर्ग

चिनी भाषेचे शिक्षण म्हणजे संभाषणाची सोय, आणि संभाषणाची सोय म्हणजे नोकरीची सोय, असे समीकरण विद्यार्थ्यांनी व पालकांनी मांडले तर त्यात नवल नाही. परंतु विद्यापीठांच्या कारभाऱ्यांनीही तेच प्रमाण मानून पदवीनंतरच्या चिनी अध्ययनाचे मूल्य पटावरील संख्येने मोजावे, ही गोष्ट चिंता वाटण्यासारखी आहे.

पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थी चार सूर ओळखू लागतो, शेकडो लिपिचिन्हे गिरवितो, बाजारात भाव विचारू शकतो, आणि आपणास भाषा आली असा त्याचा प्रामाणिक समज होतो. पुढे पेकिंगच्या एखाद्या दैनिकाचा अग्रलेख हाती पडताच हा समज मावळतो. कारण १९१९ च्या चळवळीनंतर मुद्रित गद्याने बोलभाषेचा अंगीकार केला असला, तरी 'वेनयान' या अभिजात भाषेतील अव्यये आणि चार अक्षरांचे ठाशीव वाक्प्रचार त्याने टाकून दिलेले नाहीत. चीनने २०२१ मध्ये परकीय विद्यार्थ्यांसाठी लागू केलेल्या प्रमाणपद्धतीत नऊ पातळ्या, ३,००० लिपिचिन्हे आणि ११,०९२ शब्द आहेत, आणि एवढी मजल मारलेला विद्यार्थीही जुन्या ग्रंथाच्या उंबरठ्यावरच उभा असतो.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चीनमधील इतिहास, कायदा, वैद्यक आणि सरकारी दप्तर प्रामुख्याने ज्या वेनयानमध्ये लिहिले गेले, तिच्या जुन्या प्रतींत आजच्यासारखी विरामचिन्हे नसतात, एकेक चिन्ह बहुधा एकेक शब्द असते, तेच प्रसंगपरत्वे नाम होते आणि क्रियापदही होते, आणि वाक्य कोठे संपले हे वाचकाने मोजक्या अव्ययांवरून व समांतर रचनेच्या तोलावरून ताडावयाचे असते. त्यातच १९५६ पासून मुख्य भूमीवर लिपी सुलभ करण्यात आल्यामुळे, सुलभ चिन्हे शिकून आलेल्यास पूर्वीच्या ग्रंथांसाठी मूळची बहुरेषी चिन्हेही आत्मसात करावी लागतात. हे काम, शास्त्रीबोवांच्या पाठशाळेतल्याप्रमाणे, दोन-तीन जणांनी गुरूसमोर पंक्ती लावीत बसूनच होते; शंभरांच्या व्याख्यानगृहात ते होणे नाही.

या खटाटोपाशी मराठी माणसाचा संबंध काय, असे कोणी विचारील. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेलेल्या ह्युएनत्संगाने ६४६ साली पूर्ण झालेल्या आपल्या वृत्तान्ताच्या अकराव्या खंडात महाराष्ट्राचे वर्णन केले आहे. येथील लोक मानी, उपकार स्मरणारे आणि अपकाराचा सूड घेणारे, हा त्याचा अभिप्राय आपण व्यासपीठावरून मोठ्या अभिमानाने सांगतो, पण आधार मात्र बीलच्या १८८४ च्या नाहीतर वॉटर्सच्या १९०४-०५ च्या इंग्रजी ग्रंथाचा घेतो. आपल्याच पूर्वजांविषयीची साक्ष परक्या दुभाष्याच्या तोंडून ऐकून घेण्यात आपणास कधी संकोच वाटला नाही, याचेच मला आश्चर्य वाटते.

पुण्यात तरी ही स्थिती नेहमीच नव्हती. फर्ग्युसन महाविद्यालयातील प्रा. पु. वि. बापट यांनी पाली 'विसुद्धिमग्ग' आणि मूळ पाली लुप्त होऊन चिनी अनुवादात टिकून राहिलेला 'विमुत्तिमग्ग' यांची तुलना करणारा ग्रंथ १९३७ मध्ये, म्हणजे शांतिनिकेतनात चीनभवन उघडले त्याच वर्षी, प्रसिद्ध केला. पुढे १९७० मध्ये 'समन्तपासादिका' या विनयटीकेच्या चिनी रूपाचे, हिराकावा या जपानी पंडितासमवेत केलेले त्यांचे भाषांतर भांडारकर संस्थेने छापले. त्याच महाविद्यालयात अध्यापन केलेल्या प्रा. वा. वि. गोखले यांनी तर १९३० मध्येच उल्लंघाच्या 'प्रतीत्यसमुत्पादशास्त्रा'चा चिनीवरून जर्मन अनुवाद सिद्ध केला होता. हे दोघेही बाजारभाव विचारण्यासाठी चिनी शिकले नव्हते.

अनुवादयंत्रे आली, आता एवढे कष्ट कशाला, हा आक्षेप मला उलट्या बाजूने पटतो. पत्रव्यवहाराचे आणि विक्रीच्या बोलण्यांचे काम यंत्र कसेबसे उरकू लागले आहे. म्हणजे केवळ संभाषणापुरत्या चिनीचा भाव उतरणार, आणि संदिग्ध वाक्याचा अर्थ लावून त्याची जबाबदारी घेणारा वाचक अधिक दुर्मीळ ठरणार.

तेव्हा ज्या विद्यापीठांत चिनी शिकविली जाते, तेथील विद्यापरिषदांनी एम. ए.च्या दोन्ही वर्षांना वेनयान सक्तीची करावी, पदव्युत्तर वर्गासाठी किमान विद्यार्थिसंख्येची अट शिथिल करावी, आणि एका कायम अध्यापकाची व बारा खंडांच्या 'हान्यू दा त्सिद्यान' या महाकोशाची तरतूद अंदाजपत्रकात करावी. वर्गात दोनच विद्यार्थी उरले, तरी तो बरखास्त करू नये.