आवक-जावक : टेन्शन नेमकं कुणावर निघतं?

भिवापूरच्या कचेऱ्यांमधली सकाळची चिडचिड बरीचशी नागपूरहून अप-डाऊन करून आलेली असते. नॅरोगेज गाडी 2019 च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी बंद झाली, मग एसटीत उभं राहायचं. 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला, पण पावणेदहाचा काटाही आला. खुर्चीवर टेकत नाही तोच व्हीसी, पेंडिंगची यादी आणि ग्रुपवर साहेबांचं 'अर्जंट'.

ताण खोटा नाही. पण शेजारच्या टेबलावर फाइल आपटणाऱ्या बाबूचा फोन वाजू द्या. 'हो सर, झालंच सर.' ताबा सुटला म्हणता, तर तो वरच्यासमोर कसा सुटत नाही?

इथली माणसं तिखट, हे आमचं लाडकं समर्थन. भिवापुरी मिरचीला जीआय मानांकन आहे, उद्धटपणाला नाही. मिरची सातऱ्यावर जाऊन बघा. बाया दिवसभर देठ खुडत बसतात, हाताची आग, डोळ्यांची आग, मजुरी किलोवर. ताणानेच माणूस खेकसत असता तर सगळ्यात जास्त आवाज त्यांचा यायला हवा होता. आवाज येतो दिवाणजीचा.

हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी मार्च 2021 मध्ये आयुष्य संपवलं. वरिष्ठ गावकऱ्यांसमोर, मजुरांसमोर अपमान करतात, असा आरोप त्यांच्या पत्रात होता. विदर्भातल्या कचेऱ्या चार दिवस हळू आवाजात बोलल्या. लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, समिती आहे. चारचौघांत 'अक्कल आहे का?' विचारणाऱ्याविरुद्ध मात्र वेगळा कायदा नाही. अर्ज करायचा तर तो बहुधा त्याच साहेबाच्या टेबलावरून पुढे जातो.

आता माझंही सांगतो, नाहीतर हा स्तंभ म्हणजे शहाणपणाचं दुकान व्हायचं. नोकरीत असताना एका मार्च एंडला एका कंत्राटी ऑपरेटर पोरावर मी ओरडलो होतो. चूक माझ्या तक्त्यात होती, हे संध्याकाळी कळलं. तो काही बोलला नाही. अकरा महिन्यांची ऑर्डर असलेला पोरगा बोलणार तरी काय!

दुसऱ्या दिवशी मी त्याला सॉरी म्हटलं, झेरॉक्स मशीनजवळ, कुणी नाही बघून. ओरडलो होतो तेव्हा खोलीत नऊ जण होते.