स्थितांबरातील फुगे आणि बीडचे शिवार

हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून सोडले जाणारे महाकाय फुगे ज्या जिल्ह्यांत उतरण्याचा संभव असतो, त्यांच्या यादीत बीडचे नाव वर्षानुवर्षे छापले जात आहे. उड्डाणांचा हंगाम जवळ आला की वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर एक लहानशी सूचना येते. पातळ पॉलिथिनचे, हायड्रोजनने भरलेले, ५० ते ८५ मीटर व्यासाचे हे फुगे रात्री किंवा पहाटे सोडले जातात. ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर काही तास तरंगतात. मग त्यांच्याखालची उपकरणे रंगीत हवाई छत्रीच्या आधाराने हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरवर कोठेतरी जमिनीवर येतात. ती ज्यास सापडतील त्याने त्यांस हात लावू नये, कारण काहींत विजेचा उच्च दाब असतो. जवळच्या पोलीस ठाण्यास, टपाल कचेरीस किंवा जिल्हा अधिकाऱ्यांस कळवावे. कळवणाऱ्यास बक्षीस व खर्च मिळेल, मोडतोड केल्यास मिळणार नाही. परळी, अंबाजोगाई, केज ही गावे हैदराबादपासून सरळ रेषेत पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरवर, म्हणजे नेमक्या ह्या पट्ट्यात येतात.

ही सूचना कोरडी असली तरी तिचे मोल मोठे आहे. आकाशातून उतरणारी वस्तू शास्त्रज्ञांची की हेरांची, हे खालून पाहणाऱ्यास ओळखता येत नाही. फुगा तोच, वारा तोच, खाली लोंबणारी पेटीही बाहेरून तशीच. आधी सांगून सोडलेला फुगा आणि न सांगता सोडलेला फुगा एवढाच काय तो फरक सामान्य माणसाच्या हाती लागतो. बीडच्या शेतकऱ्याला त्या पेटीतील दुर्बीण विश्वकिरण मोजते की त्याच्या गावाची छायाचित्रे घेते हे तपासण्याचे दुसरे साधन नाही.

ह्या केंद्राची परंपरा निःसंशय उज्ज्वल आहे. होमी भाभांनी विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी चाळीसच्या दशकात बंगलोरहून फुगे उडवले, तेथून हा वारसा सुरू होतो. हैदराबाद निवडण्याचे कारण भौगोलिक. चुंबकीय विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे येथे कमी ऊर्जेचे विश्वकिरण पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रच परतवून लावते, आणि खगोलीय क्ष-किरणांचे निरीक्षण तुलनेने निर्मळ होते. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली २००१ आणि २००५ साली ह्याच केंद्रातून गेलेल्या फुग्यांनी ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. त्यांत सापडलेल्या जीवाणूंच्या तीन नव्या जातींची घोषणा २००९ साली झाली, आणि त्यांस फ्रेड हॉईल, इस्रो व आर्यभट ह्यांची नावे दिली गेली. ह्या संशोधनात लपवण्यासारखे काही नव्हते, म्हणून लपवले गेलेही नाही.

परंतु जगाच्या इतिहासात विज्ञानाचा बुरखा हेरगिरीने अनेकदा पांघरला आहे. १९५६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत अमेरिकेने पश्चिम युरोप व तुर्कस्तानातून पाचशेच्या आसपास फुगे सोडले. जगास सांगितले ते हवामानाच्या अभ्यासाचे. पेट्यांत होते कॅमेरे, आणि वारा त्यांस सोव्हिएत भूमीवरून नेणार होता. मॉस्कोने पाडलेले फुगे व त्यांतील यंत्रे पत्रकारांपुढे मांडून ठेवली आणि आयसेनहॉवरना ती मोहीम गुंडाळावी लागली. त्याआधी १९४७ साली न्यू मेक्सिकोतील रॉस्वेलजवळच्या कुरणात पडलेले अवशेष सोव्हिएत अणुस्फोटांची चाहूल घेणाऱ्या गुप्त फुग्याचे होते, असे अमेरिकेच्या हवाई दलाने सांगितले ते १९९४ साली. मधल्या ४७ वर्षांत परग्रहावरच्या तबकड्यांची एक अख्खी पुराणपरंपरा उभी राहिली. सरकार गप्प बसले म्हणजे लोक गप्प बसतात असे नाही.

२०२३ साली भूमिका उलटल्या. जानेवारीअखेर अलास्कामार्गे शिरलेला चिनी फुगा माँटानावर दिसला आणि ४ फेब्रुवारीस दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याबाहेर लढाऊ विमानाने पाडला. वाऱ्याने भरकटलेला हवामानाचा फुगा, हे चीनचे स्पष्टीकरण. म्हणजे १९५६ साली अमेरिकेने दिले तेच. उपग्रहांच्या युगात फुग्याची गरज काय, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. उत्तर सोपे आहे. टेहळणीचा उपग्रह शेकडो किलोमीटरवरून ठरल्या वेळी जातो आणि त्याची वेळ सर्वांना ठाऊक असते. फुगा १८-२० किलोमीटरवर, म्हणजे कितीतरी जवळ असतो, एका प्रदेशावर रेंगाळू शकतो, आणि स्वस्तही पडतो. निरनिराळ्या उंचीवर वारा निरनिराळ्या दिशांनी वाहतो. त्यामुळे उंची कमी-अधिक करून फुग्यास थोडेफार वळवताही येते. पुढे जूनमध्ये खुद्द पेंटागॉनने सांगितले की, त्या फुग्याने अमेरिकेवरून जाताना माहिती गोळा केलीच नाही. पण तोवर परराष्ट्रमंत्र्यांचा बीजिंग दौरा लांबणीवर पडला होता, आणि त्याच फेब्रुवारीत पाठोपाठ आणखी तीन वस्तू पाडल्या गेल्या होत्या. त्या बहुधा खाजगी कंपन्यांच्या, हौशी मंडळींच्या किंवा संशोधन संस्थांच्या असाव्यात, असे अध्यक्ष बायडेन ह्यांनाच मागाहून सांगावे लागले.

भारतही ह्या संशयापासून अलिप्त नाही. २६ जानेवारी २०१६ रोजी राजस्थानच्या सीमेवर सुखोई विमानाने पाडलेल्या फुग्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा छापलेल्या निघाल्या. हसू येण्याजोगी ही गोष्ट असली तरी हवाई दलाचे चुकले असे म्हणता येत नाही. रडारवर दिसणाऱ्या ठिपक्यावर शुभेच्छा वाचता येत नाहीत. शिकागो येथील १९४४ च्या करारानुसार प्रत्येक राष्ट्राचे आपल्या हवाई क्षेत्रावर पूर्ण स्वामित्व आहे, आणि दुसऱ्याच्या प्रदेशावर मानवरहित मुक्त फुगा पूर्वपरवानगीवाचून नेता येत नाही. परक्या फुग्याचा प्रश्न त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने सुटलेला आहे.

न सुटलेला प्रश्न स्वकीय फुग्याचा आहे. ३ मे २०२५ रोजी मध्य प्रदेशातील श्योपूर येथून संरक्षण संशोधन व विकास संघटनेने आग्र्याच्या प्रयोगशाळेत विकसित झालेल्या स्थितांबरीय वायुनौकेचे पहिले उड्डाण केले. ती सुमारे १७ किलोमीटर उंचीवर गेली आणि ६२ मिनिटे आकाशात राहिली. भूनिरीक्षण आणि टेहळणी हाच तिचा उद्देश असल्याचे उघडपणे सांगण्यात आले. सीमेवर अशा साधनाची गरज आहे, आणि ते देशात घडावे हे योग्यच आहे. परंतु सीमेसाठी घेतलेली साधने सीमेवरच राहतात असा अनुभव नाही. बंदोबस्तासाठी, मोर्चांवर नजर ठेवण्यासाठी पोलीस आज ड्रोन सर्रास वापरतात. आठवडेच्या आठवडे एका जिल्ह्यावर थांबून राहू शकेल असे यंत्र उद्या तयार झाले, तर ते कोणत्या आदेशाने कोठे उभे करायचे, त्याने टिपलेले किती दिवस जपायचे आणि कोणास दाखवायचे, हे ठरवणारा स्वतंत्र कायदा नाही. दूरध्वनी ऐकायचा तर शासनाला लेखी आदेश काढावा लागतो. त्यावर पुनरीक्षण समितीचे बंधन सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच घातले. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली खाजगीपणास मूलभूत हक्काचे स्थान दिले. मात्र २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने केंद्र सरकारला आपल्या यंत्रणा त्यातून वगळण्याची मुभा ठेवली आहे. तारेवरचा शब्द जेवढा सुरक्षित, तेवढे अंगण सुरक्षित नाही.

ही भीती पुस्तकी नाही हे बीडकरांस सांगावयास नको. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर ह्या जिल्ह्यांतील गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या तक्रारी उठल्या. चोर घरे हेरतात अशी वदंता पसरली आणि माणसे रात्र-रात्र जागून गस्त घालू लागली. शेजारच्या अंतरवाली सराटीतील आंदोलकांवर ड्रोनने पाळत ठेवली जाते, हा आरोप तर विधिमंडळापर्यंत गेला. त्यांतले खरे किती, चोरांचे किती, हौशी पोरांचे किती आणि निव्वळ भासाचे किती, ह्याची समाधानकारक उकल गावोगाव पोहोचली नाही. दुष्काळाला अस्मानी आणि कारभाराच्या जाचाला सुलतानी म्हणण्याची रीत मराठीत आहे. आकाशातच कारभार येऊन बसला तर त्याला काय म्हणावे हे ह्या प्रदेशाला नव्याने ठरवावे लागेल.

अशा वातावरणात हैदराबादच्या निरुपद्रवी फुग्यालाही गावाने संशयाने पाहिले तर दोष गावाचा नाही. २०२२ च्या डिसेंबरात तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात एका परदेशी कंपनीचे चाचणीचे यान ह्याच केंद्राच्या फुग्याने उडून शेतात उतरले, तेव्हा लोक परग्रहावरचे पाहुणे समजून गोळा झाले. त्याच वर्षी एप्रिलात चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात चिनी अग्निबाणाचे धातूचे कडे पडले होते. त्याची पूर्वसूचना कोण देणार? उलट जानेवारी २०२५ मध्ये बिदर जिल्ह्यातील जलसंगी गावी फुगा व उपकरण पडले तेव्हा त्यासोबत कन्नड मजकुराचे पत्र होते, आणि गोंधळ लवकर शमला. एका कागदाने जे साधले ते पोलिसांच्या गाडीने साधले नसते.

बीडच्या बाबतीत एक अडचण विशेष आहे, आणि सूचना काढणाऱ्यांच्या ती ध्यानात आलेली दिसत नाही. फुग्यांच्या उड्डाणाचा हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याच्या पूर्वार्धाचा, ऊसतोडणीचाही तोच. दिवाळीच्या सुमारास पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, केज ह्या भागांतील कर्ती माणसे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघून जातात. गावात उरतात म्हातारे आणि मुले. बालाघाटाच्या माळावर पडलेली पेटी ज्यांच्या नजरेस प्रथम पडणार ती शेरडे राखणारी पोरे. त्यांच्यासाठी वृत्तपत्राच्या आतल्या पानावरची सूचना नसल्यासारखीच आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फळ्यावर लिहिली गेली पाहिजे, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली पाहिजे, आणि पेटीवर मराठी मजकूर ठळक असला पाहिजे. ह्यास खर्च जवळजवळ नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाने हंगामाआधी एक परिपत्रक काढले की पुरे.

संरक्षण खात्याच्या वायुनौकेसाठी मात्र परिपत्रक पुरणार नाही. तिची उड्डाणे अद्याप चाचणीच्या अवस्थेत आहेत. नियम करण्याची हीच वेळ. नागरी वस्तीवर असे साधन उभे करावयाचे झाल्यास आदेश कोणी द्यावा, त्याची मुदत किती असावी आणि मुदत संपल्यावर का होईना, त्या जिल्ह्यास ते कळवावे की नाही, हा प्रश्न संसदेत विचारण्यास खासदारांना सुरक्षेची कोणतीही आडकाठी नाही. मराठवाड्याच्या खासदारांपैकी कोणी तो विचारला, तर निदान उत्तर छापील स्वरूपात मिळेल.