प्रौढांमधील रॅब्डोमायोसार्कोमा : औषधांइतकेच महत्त्व उपचारांच्या आखणीला

रॅब्डोमायोसार्कोमा हा मृदू ऊतींचा कर्करोग प्रामुख्याने लहान मुलांमध्ये आढळतो. प्रौढांमध्ये तो दुर्मीळ असला तरी अधिक घातक ठरतो. अमेरिकेतील १९७३ ते २००५ या काळातील २,६०० रुग्णांच्या नोंदींनुसार, निदानानंतर पाच वर्षे हयात राहिलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ६१ टक्के, तर प्रौढांचे अवघे २७ टक्के होते.

या तफावतीमागे वय आणि गाठीचा प्रकार ही कारणे आहेतच; मात्र उपचारांतील फरकही तितकाच विचारात घ्यावा लागतो. इटलीतील मिलान येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ मध्ये १७१ प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाच वर्षे जगण्याचे एकूण प्रमाण ४० टक्के होते. मुलांसाठीच्या निकषांनुसार उपचार मिळालेल्यांमध्ये ते ६१ टक्के आढळले. जुन्या नोंदींवर आधारलेला हा निष्कर्ष अंतिम पुरावा ठरत नसला तरी त्याची दिशा स्पष्ट आहे.

व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड ही यातील औषधे जुनी असून भारतातही उपलब्ध आहेत. त्यामुळे येथे खरी कसोटी अचूक निदानाची, तसेच प्रौढ व बालकर्करोगतज्ज्ञांनी एकत्रितपणे उपचार आखण्याची आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या समन्वयातून २०१२ पासून उभे राहिलेले राष्ट्रीय कर्करोग ग्रिड त्यासाठी उपयुक्त व्यासपीठ ठरू शकते.